कोडाच्या औषधाच्या ट्रायलमध्ये कोणी गेलं होतं का? अनुभव सांगा

तुरीच्या_शेंगा:
परवा स्टँडवर कागद चिकटवलेला दिसला, 'पांढऱ्या डागांवरील औषधाच्या अभ्यासासाठी रुग्ण हवेत'. सगळं जुनं वर आलं. लग्नाआधी मीही असंच नाव दिलेलं. त्याआधी बावचीचं देशी औषध लावून उन्हात बसून झालं होतं, फोड आले ते वेगळेच. वैद्य तर गॅरंटी देऊन पैसे घेऊन गेला. ट्रायलच्या डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, ट्यूबमध्ये औषध असेल किंवा नुसतं मलम. तुला कळणार नाही अन् मलाही. बाबा भडकले, "मंग एवढ्या लांबून आलो काहून?" मला उलट बरं वाटलं. तोवर 'सांगता येत नाही' असं कुणी म्हटलंच नव्हतं. संमतीचा कागद मराठीत, घरी नेऊन वाचा म्हणाल्या. आई म्हणे, वावर विकताना एवढं वाचलं नव्हतं.

वावरातला_माणूस:
रिकाम्या ट्यूबा परत घेऊन वजन करतात बाप्पा. आमच्या मायनं अर्धी ट्यूब टाचेच्या भेगांना लावली. सिस्टर म्हणे, डाग एवढुसा अन् ट्यूब सफाचट कशी?

तर्री_जास्त:
टाचा बऱ्या झाल्या का ते सांगा आधी 😂

वावरातला_माणूस:
झाल्या ना! माय अजून तेच मलम मागून राह्यली.

पऱ्हाटीवाली:
मला घेतलंच नाही. स्टेरॉइडचं मलम चालू होतं, ते काही आठवडे बंद करून या म्हणाले. बंद केलं अन् वेचणी आली. बोंडानं बोटं सोलवटली की तिथंच नवा डाग. इजा झाली की तिथं कोड उमटतं म्हणे, वेचू नका. कापूस काय ते येऊन वेचणार?

वरोऱ्याचा_जावई:
आनंदवन इतकं जवळ असून आमच्याकडं अजून लोक याला 'पांढरं कुष्ठ' म्हणतात. कुष्ठरोग जंतूनं होतो, त्यात डाग बधिर होतो. कोडात शरीर आपल्याच रंगपेशी मारतं, शिवल्यानं काही होत नाही. साळीचं जुळलेलं मोडलं याच्यापायी. पोरगा मास्तर होता, बोला.

तर्री_जास्त:
मास्तर?? सुटली बिचारी.

शांत_बसा:
जायचं असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलींच्या सरकारी नोंदवहीत, नोंद बघा, २००९ पासून सक्तीची आहे. २०१९ च्या नियमांत ट्रायलमुळे इजा झाल्यास उपचार अन् भरपाई आहे. कधीही सोडता येतं. औषधाचे पैसे मागितले तर उठून या. अमेरिकेत २०२२ मध्ये कोडावर रुक्सोलिटिनिबचं मलम मंजूर झालं तेही अशाच ट्रायलीनंतर.

पऱ्हाटीवाली:
@तुरीच्या_शेंगा ताई, रंग आला का तुम्हाला?

तुरीच्या_शेंगा:
गालावर आला, केसांच्या मुळाशी ठिपके ठिपके धरून. बोटं होती तशीच. चेहरा लवकर ऐकतो, बोटं-ओठ हट्टी, असं त्या डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या. औषध होतं की साधं मलम ते विचारायचं राहूनच गेलं, मध्ये लग्न झालं. नवरोबाला आधीच दाखवलं होतं, तो म्हणे मला चष्म्याशिवाय तसंही दिसत नाही.

पऱ्हाटीवाली:
😄 मी लाइट घेऊन राह्यली आता, यूव्हीबीचा, म्हणजे डागावर अतिनील किरण देतात तो. आठवड्यातून दोनदा तालुका सोडून जा. भाडं जमवते कसंबसं, मजुरी बुडते त्याचं काय.

वावरातला_माणूस:
विषय सोडून विचारतो, आर्वीकडं आभाळ आहे का? तूर फुलावर आहे.

शांत_बसा:
कालपासून ढगाळच. अळी बघा आधी.