ग्रामसभेची भाषा, बायकांचा सहभाग आणि खुले संशोधन: अभ्यास कसा मांडावा?

मेळघाट_अभ्यासक (प्रश्न)

नमस्कार. मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आणि गेली दोन वर्षे अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यात क्षेत्रकार्य करत आहे. ज्या गावात घराघरांत कोरकू ही आदिवासी भाषा बोलली जाते आणि ग्रामसभेचे कामकाज मात्र मराठीत लिहिले जाते, तिथे बायका सभेत किती बोलतात, काय बोलतात आणि त्यांच्या बोलण्याचे पुढे काय होते, हा माझा विषय आहे.

हा प्रश्न मला जिथे खऱ्या अर्थाने पडला तो प्रसंग सांगते. गेल्या उन्हाळ्यातील एका ग्रामसभेत साठी ओलांडलेल्या एक आजी उठल्या आणि जवळजवळ सहा मिनिटे कोरकूत बोलल्या. हातपंप कोरडा पडला आहे, टँकर रस्त्यालगतच्या वस्तीतच रिकामा होतो, वरच्या ढान्यापर्यंत (वस्तीपर्यंत) येत नाही आणि नाल्यातल्या झिऱ्यावर पहाटे तीनपासून बायकांची रांग लागते, असे त्यांचे म्हणणे होते. आश्रमशाळेत नववीत शिकणाऱ्या त्यांच्या नातीने ते एका वाक्यात सांगितले: "आजी पाण्याचं म्हणते." दुसऱ्या दिवशी मी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, पाहिले. त्यात लिहिले होते: "पाणीपुरवठ्याबाबत चर्चा करण्यात आली. सर्वानुमते मंजूर." काय मंजूर झाले याचा उल्लेख नव्हता. खाली सूचक, अनुमोदक, उपस्थितांच्या सह्या आणि त्यांतच आजींचा अंगठा.

माझ्या अडचणी दोन आहेत. पहिली अशी, की हा विषय राज्यशास्त्राचा, भाषाविज्ञानाचा की शिक्षणशास्त्राचा हे ठरत नाही आणि प्रत्येक विभाग मला दुसऱ्याकडे पाठवतो. दुसरी प्रकाशनाची आहे. मार्गदर्शकांचा आग्रह इंग्रजी नियतकालिकाचा आहे. मध्यंतरी "बहुशाखीय, खुला प्रवेश" (म्हणजे वाचकांना विनामूल्य) म्हणवणाऱ्या एका नियतकालिकाचा ईमेल आला. शुल्क भरल्यास चार दिवसांत लेख छापू, असे त्यात म्हटले आहे. ज्या गावाने मला दोन वर्षे सांभाळून घेतले त्या गावाला माझे निष्कर्ष वाचता यावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कसे करावे?

निवृत्त_ग्रामसेवक

ताई, मी पश्चिम विदर्भातील बिगर-पेसा गावांत, म्हणजे आदिवासी भागांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा जिथे लागू नाही तिथे, 31 वर्षे ग्रामसेवक होतो, त्यामुळे तुमच्या भागातील सभांचे नियम काहीसे वेगळे असतील. पण प्रोसिडिंग कसे लिहिले जाते ते सांगू शकतो. कायद्याने आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित सभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. विषयपत्रिकेतील निम्म्याहून अधिक विषय वरून आलेल्या परिपत्रकांचे असतात. ते वाचून होईपर्यंत माणसे उठायला लागतात आणि मग "आयत्या वेळचे विषय" या एका ओळीत गावाचे खरे बोलणे कोंबले जाते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून तहकूब सभेचे इतिवृत्त विशेष काळजीने वाचा.

महिला सभेचे इतिवृत्त आणि ग्रामसभेचे इतिवृत्त शेजारी ठेवून पाहा. मी स्वतः अनेकदा दोन्ही एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहिली आहेत आणि महिलांनी सांगितलेली गोष्ट ग्रामसभेच्या ठरावात आणायची राहून गेली आहे. आज त्याचे वाईट वाटते. ती वही म्हणजे सभेत काय घडले याचा पुरावा, असे गृहीत धरून अभ्यास केलात तर आजी तुमच्या प्रबंधातूनही गळतील. ठराव क्रमांक घ्या, त्यावर तालुक्याला पत्र गेले का आणि ते काम पुढच्या आराखड्यात आले का, एवढा माग काढा.

राज्यशास्त्र_अध्यापक

तुमचा विषय तिन्ही शाखांचा आहे आणि तसाच राहू द्यावा. याच धर्तीचे चांगले काम झालेले आहे. परोमिता सन्याल आणि विजयेंद्र राव यांनी दक्षिणेतील चार राज्यांतल्या सुमारे 300 ग्रामसभांची ध्वनिमुद्रणे उतरवून त्यावर पुस्तक लिहिले. केंब्रिज विद्यापीठ प्रकाशनाचे हे पुस्तक विनामूल्य वाचता येते. त्यांची गावांची निवड तुम्हाला विशेष उपयोगी पडेल, कारण 1956 च्या भाषावार पुनर्रचनेपूर्वी एकाच प्रदेशात असलेली आणि नंतर राज्यसीमेच्या दोन बाजूंना गेलेली गावे त्यांनी तुलनेसाठी घेतली. धारणीच्या पलीकडे मध्य प्रदेशातही कोरकू गावे आहेत आणि तिथल्या कारभाराची भाषा हिंदी आहे. घरची भाषा तीच, कागदाची भाषा वेगळी, अशी तुलना तुमच्या हाताशी आहे. पंचायत कायदेही दोन्हीकडे वेगळे असल्यामुळे सगळा फरक भाषेच्या माथी मारता येणार नाही, एवढे भान ठेवावे लागेल.

दुसरे काम रम्या पार्थसारथी, राव आणि नेत्रा पलनीस्वामी यांचे, 2019 सालचे. तमिळनाडूतील 100 ग्रामसभांच्या उतरवलेल्या संभाषणांवरून त्यांनी दाखवले, की बायका पुरुषांपेक्षा कमी बोलतात, चर्चेचा विषय ठरवणे त्यांच्या हाती कमी असते आणि अधिकाऱ्यांकडून त्यांना मुद्द्याला धरून उत्तरही कमी वेळा मिळते. महिला आरक्षणामुळे बायकांच्या बोलण्यात फारसा फरक पडला नाही, पण त्यांचे ऐकले जाण्याची शक्यता वाढली. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, म्हणून "किती बायका बोलल्या" एवढेच मोजून थांबू नका. बोलण्याला उत्तर मिळाले का, कोणत्या भाषेत मिळाले आणि कोरकूतून मराठीत व मराठीतून वहीत जाताना त्या बोलण्यातले काय उरले, हे तीन टप्पे वेगळे मोजा. तुमच्या आजींची सहा मिनिटे नातीच्या तोंडी तीन शब्दांवर आली आणि वहीत एका ठरीव वाक्यावर. असे चाळीस-पन्नास प्रसंग टिपलेत तर तोच तुमच्या प्रबंधाचा गाभा होईल.

कोरकू_शिक्षक

मी कोरकू आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वरचे सगळे वाचले, पटलेही. पण एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. आमच्या बायकांना मराठी येत नाही म्हणून त्या बोलत नाहीत, असे गृहीतक तुमच्या प्रश्नावलीत नकळत शिरू देऊ नका. माझी आई आठवडी बाजारात हिंदीत भाव करते, दवाखान्यात मराठीत दुखणे सांगते, बचत गटाचा हिशेब तोंडपाठ सांगते. तीच ग्रामसभेत गप्प बसते, कारण तिथले मराठी वेगळे आहे. "सदर विषयी विचारविनिमय होऊन" हे मराठी मायबोली असणाऱ्या शेतकऱ्यालाही परके वाटते. आम्हाला ते दुप्पट परके.

भाषा शिकण्याचे ओझे दरवेळी आमच्यावरच का टाकले जाते, हा प्रश्न तुमच्या अभ्यासात आला पाहिजे. 2011 च्या जनगणनेत कोरकू भाषकांची संख्या सव्वासात लाखांच्या आसपास होती. मुंडा कुळातील ही भाषा मराठी-हिंदीपासून मुळातच वेगळी आहे आणि राज्यघटनेतील भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, तिचे नाव नाही. राज्यघटनेच्या कलम 350-क मध्ये अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तरतूद 1956 मध्येच आली, तरी पहिलीत आलेल्या मुलाला मी काय बोलतो ते अनेक महिने कळत नाही, हे मी दर जूनमध्ये पाहतो. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. पेसा कायद्याने परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा जो अधिकार ग्रामसभेला दिला आहे, त्याच्या बळावर गाव काय करू शकते हे तिथे दिसते. ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका यांच्यापैकी किती जण कोरकू शिकले, ते का शिकले आणि ते आल्यानंतर त्यांच्या गावच्या सभेत काय बदलले, हे कृपया विचारा. भाषाशिक्षणाचा अभ्यास त्या बाजूनेही होऊ द्या.

आणखी एक विनंती. ध्वनिमुद्रण सर्वांना खुले करू नका. दोनशे उंबऱ्यांच्या गावात आवाज लगेच ओळखू येतो आणि टँकरबद्दल कोण बोलले हे टँकरवाल्यालाही कळते. संमती कोरकूत समजावून घ्या. कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे, हे तुम्ही स्वतःच त्या वहीत पाहिले आहे.

ग्रंथपाल_विदर्भ

प्रकाशनापुरते लिहिते. चार दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकाला पैसे देऊ नका. चार दिवसांत गंभीर समीक्षण होत नाही. आयएसएसएन हा केवळ ओळख क्रमांक असतो, तो दर्जाची हमी देत नाही. संपादक मंडळातील दोघा-तिघांना थेट ईमेल करून ते खरोखर त्या मंडळावर आहेत का हे विचारा, आणि 2003 पासून चालणाऱ्या डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या सूचीत नाव आहे का ते पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी 2025 च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळे "केअरमध्ये आहे" ही जाहिरात आता निरर्थक आहे. शिवाय आयोगाच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर तेवढी तपासा, पण घाईने पैसे भरू नका.

खुला प्रवेश म्हणजे लेखकाने शुल्क भरलेच पाहिजे, असा गैरसमज पसरला आहे. लेखक आणि वाचक दोघांकडूनही काही न घेणारी नियतकालिके आहेत. संस्था किंवा विद्यापीठ त्यांचा खर्च उचलते. तशी नियतकालिके आधी शोधा. मार्गदर्शकांचा आग्रह मोडवत नसेल तर इंग्रजी लेख वाचकांकडून शुल्क घेणाऱ्या नियतकालिकात जाऊ द्या, पण करारावर सही करण्यापूर्वी स्वीकृत हस्तलिखित स्वतः खुले ठेवण्याची मुभा आहे का हे वाचून घ्या. बरेच प्रकाशक ती देतात, काही जण ठरावीक महिन्यांनंतर. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर जाईलच. मराठी आवृत्ती झेनोडोसारख्या विनामूल्य भांडारात ठेवली तर तिला डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक मिळतो आणि पुढचा अभ्यासक मराठी लेखाचाही रीतसर संदर्भ देऊ शकतो. ध्वनिमुद्रणाबद्दल शिक्षक म्हणतात ते योग्य आहे: नावे आणि ओळखखुणा काढलेली सांकेतिक नोंद खुली ठेवा, आवाज बंद ठेवा.

मेळघाट_अभ्यासक

सर्वांचे मनापासून आभार. त्या ईमेलला नकार कळवला आहे. शिक्षक सर, आपण म्हणता ते गृहीतक माझ्या प्रश्नावलीत खरोखरच होते, "तुम्हाला मराठी समजते का?" हाच माझा पहिला प्रश्न होता. तो काढून टाकते आहे आणि "सभेत तुमच्याशी कोरकूत कोण बोलते?" हा प्रश्न आधी घेते आहे. पुढच्या महिन्यात गावात गेले की आजींची सहा मिनिटे नातीच्या मदतीने शब्दशः उतरवून घेईन आणि त्यांनी होकार दिला तर ती महिला सभेत कोरकूतच वाचून दाखवीन. वहीतली नोंद त्यानंतर वाचेन.