दोन म्हशी, वीस गुंठे जमीन : गाव न सोडता काय उभं करता येईल?

सीमेवरचं_शिवार (प्रश्न)
घर बेळगावजवळ उचगावच्या पट्ट्यात आहे, म्हणजे कर्नाटकात. दोन म्हशी आहेत, घरचं ठेवून रोज ८ लिटर दूध डेअरीला जातं. वीस गुंठे तांबडी जमीन पावसावरची. शिक्षण बारावी. शाळेत कन्नड विषय होता, बोलायला येतं, पण कचेरीतला कागद वाचताना अडतं. घरी सगळे म्हणतात, पुण्याला नाहीतर गोव्याला जा. मला इथंच काहीतरी करायचं आहे आणि मोठं कर्ज नको आहे. सुरुवात कुठून करावी?

कढई_आणि_खुरपं
घरातून काय कच्चं बाहेर जातं ते आधी बघा. तुमचं दूध कच्चं जातं. बेळगावात कुंद्याची, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईची, एवढी दुकानं, आणि कुंद्याला खवा लागतोच. त्यामुळे पहिला हिशोब खव्याचा करू.

म्हशीच्या चांगल्या दुधाचा खवा साधारण पाचास एक पडतो. ८ लिटरला १६०० ते १७०० ग्रॅम धरा. साय काढलेलं दूध घातलंत तर उतारा लगेच घसरतो आणि खवा कोरडा, रबरासारखा होतो. त्याच दुधातून तूपही आणि खवाही, असं होत नाही.

जाड बुडाची पसरट लोखंडी कढई घ्या. एका वेळी ४ लिटरच घाला. जास्त घातलं की आटायला वेळ लागतो आणि रंग तांबूस होतो. उकळी येऊन दूध निम्मं होईपर्यंत आच मोठी ठेवा आणि उलथणं बुडाला घासत फिरवत राहा. कडेला चिकटलेला थर दर मिनिटाला खरवडून आत ढकला, तोच पुढं करपतो. रबडीसारखं झालं की आच निम्म्यावर आणा. गोळा कढईची कड सोडायला लागला की गॅस बंद करा, उरलेलं काम कढईची ऊब करते. इथं दोन मिनिटं उशीर झाला तर तूप सुटतं, लवकर उतरवलात तर ओल राहते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते.

आता पैसे. समजा डेअरीचा दर ५५, म्हणजे दूध ४४० रुपयांचं. ८ लिटर आटवायला पाऊण ते एक किलो गॅस जातो, त्याचे ९० धरा. एकूण ५३०. खवा १६५० ग्रॅम निघाला तर किलोला ३२० रुपये नुसता खर्चच झाला. ४०० भाव मिळाला तर ६६० येतात, हातात १३० राहतात, तेही दोन तासांच्या उभ्या कामाचे. हे आकडे तुमच्या डेअरीच्या चिठ्ठीवरून बदलून घ्या. लाकडावर खर्च कमी येईल, पण खव्याला धुराचा वास लागतो आणि मिठाईवाला तो घेत नाही.

डेअरीची_चिठ्ठी
हिशोब चांगला मांडलाय, पण एक आकडा राहिला. कर्नाटकात सहकारी दूध संघाच्या डेअरीला दूध घातलं तर सरकारचं प्रोत्साहन धन लिटरमागं ५ रुपये खात्यावर येतं. ८ लिटर घरी आटवलंत तर ते ४० रुपये गेले. म्हणजे १३० चे ९०. त्यात ४ लिटरचा एखादा घाणा करपला की तीन-चार दिवसांची कमाई गेली.

म्हणून डेअरी सोडू नका, सोसायटीचं सभासदत्वही दूध घालण्यावरच टिकतं. खवा गणपती, दसरा, दिवाळी आणि लग्नसराईत करा, तेव्हा मागणी आणि भाव दोन्ही चढतात. दुकानदाराला महिनाभर आधी भेटा, त्याला कोणत्या जातीचा लागतो ते विचारा. पेढा-बर्फीला घट्ट पिंडी चालतो, गुलाबजामला मऊ धाप लागतो, कलाकंदाला दाणेदार. विचारल्याशिवाय कढई विकतसुद्धा घेऊ नका. आणि अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी आधी करून घ्या, छोट्या धंद्याला पूर्ण लायसन्स लागत नाही.

तांबडी_माती
दुधाबद्दल बोलणं झालंच आहे, पण मला वीस गुंठ्यांत जास्त दम दिसतो. तुमच्याकडची तांबडी, निचऱ्याची जमीन रताळ्याचीच आहे. सरी-वरंबा ६० सेंटिमीटरवर, वेलाचा शेंडा २५ ते ३० सेंटिमीटरचा, दोन शेंड्यांत २५ सेंटिमीटर. गुंठ्याला साधारण ६७० शेंडे, म्हणजे वीस गुंठ्यांना तेरा-साडेतेरा हजार. युरिया हात राखून टाका, नाहीतर वेल माजतो आणि खाली बोटाएवढी मुळं मिळतात. महिन्यातून एकदा वेल उचलून परतवा, पेऱ्यापेऱ्याला मुळं धरली की गड्डा पोसत नाही. माती भेगाळली की त्यातून सोंड्या भुंगा आत शिरतो, म्हणून वरंब्याला भर द्या आणि किडक्या शेतातलं बेणं आणू नका.

फसतं ते काढणीला. सगळा गाव एकाच आठवड्यात काढतो आणि मार्केटात भाव कोसळतो. तीन तुकडे करून दहा-दहा दिवसांच्या अंतरानं लावा, पीक १०० ते १२० दिवसांचं आहे. उपासाचे दिवस बघून शेवटचा तुकडा ठेवा. काढलेला वेल म्हशींना घाला, त्या आवडीनं खातात. तेवढाच वैरणीचा खर्च वाचतो.

सही_आणि_शिक्का
कन्नड कागदाबद्दल. अर्धे शब्द ओळखीचेच निघतील : अर्जी, सही, खाते. एक मात्र फसवतो. कन्नडमध्ये ‘पावती’ म्हणजे पैसे भरणं. आपल्या पावतीला तिथं ‘रशीदी’ म्हणतात. कन्नड आकडे पहिल्या आठवड्यात पाठ करा. आणि जमिनीच्या उताऱ्यावरचं, आधारवरचं, बँकेतलं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा. उतारा आजोबांच्या नावावर असेल तर वारसा नोंद आधी, कारण शेतकऱ्याचा फ्रुट्स नंबर, म्हणजे कर्नाटक सरकारचा शेतकरी नोंदणी क्रमांक, त्यावरच निघतो आणि कृषी खात्याच्या योजनेला तो विचारतात.

सीमेवरचं_शिवार
उतारा आजोबांच्याच नावावर आहे, उद्या तलाठ्याकडे जातो. एक विचारायचं राहिलं. सणाच्या दिवसांत संध्याकाळचं दूध सकाळी आटवलं तर चालेल?

कढई_आणि_खुरपं
चालेल, पण काढल्याबरोबर कॅन गार पाण्याच्या टाकीत मानेपर्यंत बुडवा आणि पाणी दोनदा बदला. रात्रभरासाठी फ्रीज असेल तर उत्तम. सकाळी कढईत ओतण्याआधी पळीभर दूध वेगळं उकळून बघा. त्यात बारीक कण दिसले तर ते दूध सकाळच्यात मिसळू नका, पनीर करून टाका.