कार्डाने सांगितलेल्या आकड्यावर डोळे मिटून मेमरी घ्यायची का?

रिकामा_पॉइंटर:
मंडळी, एका पीसीआय एक्सप्रेस कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर लिहितोय. प्रोबमध्ये (कार्ड सापडलं की चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) कार्डाच्या रजिस्टरमधून डिस्क्रिप्टर (कार्डाच्या कामाची एकेक नोंद) किती ते वाचतो, एक डिस्क्रिप्टर ६४ बाइटचा, आणि तेवढी मेमरी केकॅलॉकने (संख्या गुणिले आकार एवढी मेमरी देणारं कर्नलचं फंक्शन) घेतो. काल कार्ड रीसेट होत असतानाच मॉड्यूल लोड केलं तर डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) पेज अ‍ॅलोकेटरची (कर्नलचा मेमरी वाटणारा भाग) ही लांबलचक वॉर्निंग आणि प्रोब फेल. काउंट प्रिंट करून बघितला तर ४२९४९६७२९५! सीनियर म्हणतो केकॅलॉक आहे ना, ओव्हरफ्लो होत नाही, वॉर्निंग दाबणारा नोवॉर्न फ्लॅग टाक आणि पुढे चल. मला काही पटेना.

बोर्डवाला:
अरे ते ३२च्या ३२ बिट एक आहेत. कार्ड उत्तर देत नसलं की पीसीआयवर रीड केल्यावर सहसा हेच येतं, म्हणजे घरी कोणी नाही. त्याला ६४ ने गुणलं की २५६ जीबी! केकॅलॉक फक्त गुणाकार न मावून परत लहान आकड्यावर गुंडाळला जात नाही ना एवढंच बघतो, आकडा शहाणा आहे की नाही हे त्याला कुठून कळणार. नेहमीच्या ४ केबी पेजच्या एक्स८६ वर केमॅलॉक (केकॅलॉक आतून हेच वापरतो) ४ एमबीच्या वर देतच नाही म्हणून वाचलास, आणि पॅनिक-ऑन-वॉर्न (वॉर्निंग आली की कर्नल थांबवणारी सेटिंग) चालू असतं तर मशीन तिथेच आडवं झालं असतं. नोवॉर्नने फक्त बोंब बंद होते. मला भीती मधल्या आकड्यांची वाटते, ६५५३६ आला तर बरोब्बर ४ एमबी, गुपचूप मिळूनही जातील.

चहा_आणि_जीडीबी:
मग मिन (दोनातला लहान आकडा घेणं) लावून १०२४ वर काप की, एका ओळीचं काम.

बोर्डवाला:
कापू नकोस रे बाबा! कार्ड समजतंय आपल्याकडे ५००० आहेत, तू जागा केलीस १०२४ ची, मग ते डीएमएने (सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरीत) कुठे लिहिणार? आयओएमएमयू (कार्डाला नेमून दिलेल्या मेमरीबाहेर जाऊ न देणारं हार्डवेअर) असेल तर फॉल्ट तरी येईल, नसेल तर कोणाच्या तरी मेमरीवर. स्पेकमधला कमाल आकडा मॅक्रोत ठेव, शून्य किंवा त्याच्या वर काहीही आलं तर सरळ एरर देऊन प्रोब सोड. आणि रजिस्टर एकदाच वाच, लोकल व्हेरिएबलमध्ये ठेव, चेकही त्याच्यावर आणि केकॅलॉकही त्याच्यावरच. मी एका ड्रायव्हरमध्ये बघितलंय, चेक केल्यावर पुढच्या लूपमध्ये परत रीडएल (रजिस्टर पुन्हा वाचणं), दुसऱ्यांदा वेगळा आकडा आला की गेलं सगळं.

रिकामा_पॉइंटर:
बोर्डवाला दादा, माझ्या लूपमध्ये अगदी हेच आहे 🙈 शिवाय आत्ता इंटरप्ट हँडलर (कार्डाने इशारा दिला की चालणारं फंक्शन) उघडला, तिथे कम्प्लिशनचा (कोणतं काम संपलं त्याचा) इंडेक्सही कार्डाकडूनच येतो आणि मी तो तसाच अ‍ॅरेत घालतोय. आधी तो चेक टाकतो, सीनियरला उद्या बघू.