'ऑनलाइन मनी गेम'ला मराठीत काय म्हणावं? जुगार, सट्टा की आणखी काही?

विचारणा (बजाजनगर, नागपूर)

बचत गटांच्या मेळाव्यासाठी मोबाइलवर पैसे लावायच्या ॲपबद्दल एक पानी पत्रक करतेय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला त्यात 'ऑनलाइन मनी गेम' असा शब्द आहे. तो तसाच ठेवला तर बायका विचारतात, "गेम म्हणजे पोरं खेळतात तेच ना?" 'ऑनलाइन जुगार' लिहिलं तर एकीचा चेहराच उतरला. म्हणाली, "माझा पोरगा जुगारी नाही जी, तो फक्त टीम लावते." टीम लावणं म्हणजे ॲपवर क्रिकेट खेळाडूंची टीम निवडणं. तिच्या घरातून पैसे गेलेत आणि पत्रक खरं तर तिच्यासाठीच आहे. शब्द सुचवा.

उत्तर (महाल)

ताई, जुगारच लिहा. पोळ्याच्या दिवसांत ताशपत्ते घेऊन बसणारेही "खेळत होतो" म्हणतात. म्हणून तो खेळ होत नाही.

उत्तर (इतवारी)

'सट्टा' मात्र सरसकट वापरू नका, एवढंच सांगतो. मूळ शब्द वाईट नाही. साटं म्हणजे देवाणघेवाण, सौदा. साटंलोटं त्यातलंच, आणि घर घेताना आपण करतो ते साठेखतही त्याच घरातलं. बाजारात सट्टा म्हणजे पुढच्या भावावर आज केलेला सौदा. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कापसाच्या संदर्भात हा शब्द सहज यायचा.

मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावावर आकडे लावायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव मिळेनासे झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले आणि मटका जन्माला आला. कापूस गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' राहिले. आपल्याकडे त्यालाच सट्टापट्टी म्हणतात. पानठेल्यावर कोणी "पट्टी लिहिते" म्हटलं की ऐकणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही.

क्रिकेटची भाषा आणखी निराळी आहे. पैसे लावणारा 'लावतो' आणि घेणारा 'खातो', म्हणून नागपूरच्या बातम्यांत लगवाडी-खायवाडी येतं. लाखाला पेटी, कोटीला खोका. ताई, यातलं 'खायवाडी' नीट पाहा. लावलेले पैसे खाणारा समोर बसलेला आहे, हे त्या शब्दात उघड आहे. ॲपमध्ये तो माणूसच दिसत नाही.

उत्तर (सदर)

न्यायालयातल्या कागदपत्रांच्या भाषांतरात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे जुगाराच्या कायद्याचा सगळा वाद 'कौशल्य की नशीब' या दोन शब्दांभोवती फिरला. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याच्या शीर्षकातच मध्य प्रांताचं नाव होतं, आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी. मुंबई इलाख्यातला कायदा १८८७ चा, आज महाराष्ट्रात तोच चालतो. दोन्हींत निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्तीसारख्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलं. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्यात गेल्या. पैज आणि जुगार हा संविधानाप्रमाणे राज्यांचा विषय, त्यामुळे एका राज्यात चालेल ते दुसऱ्यात गुन्हा. मोबाइल राज्याची हद्द पाहत नाही. त्या फटीतून आणि 'कौशल्य' या एका शब्दाच्या आधारावर केवढा मोठा बाजार उभा राहिला ते आपण क्रिकेटच्या जर्सीवर पाहिलं.

सरकारनं आधी करातून लगाम घालून पाहिला. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला. २०२५ च्या कायद्यानं मात्र तो जुना वादच बाजूला ठेवला. कौशल्य असो, नशीब असो की दोन्ही, पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेनं खेळायचा असेल तर तो मनी गेम. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स (स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम) आणि पैसे न लावता खेळायचे खेळ वेगळे ठेवलेत.

आता शब्द. नवीन घडवायची गरजच नाही, आपल्या पोलीस ठाण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या लिहिला जातोय. कोणतीही फिर्याद उघडा: 'बावन ताशपत्त्यांवर पैशाच्या हारजितीचा जुगार खेळताना मिळून आले.' यातलं 'पैशाच्या हारजितीचा' हेच नव्या व्याख्येचं मर्म. कौशल्य किती, नशीब किती, हे त्यात कोणी विचारत नाही. पैसा हरायचा आणि जिंकायचा आहे का, एवढंच. म्हणून 'पैशांच्या हारजितीचे ऑनलाइन खेळ' असं लिहा. आठवीतल्या मुलीपासून आजीपर्यंत सगळ्यांना कळेल, आणि लहान मुलाचा गाड्यांचा गेम त्यात येणार नाही.

बजाजनगर

सर, हारजितीचा शब्द चपखल बसला, मनापासून आभार. पण 'खेळ' राहतोच की. महालच्या दादांची हरकत तीच आहे.

उत्तर (सदर)

नाम 'खेळ' राहू द्या, क्रियापद बदला. पत्रकात कुठेही 'खेळतो' लिहू नका, 'पैसे लावतो' लिहा. त्या बाईंनीही "टीम लावते" असंच म्हटलं ना? बोलीनं खरं काय ते सांगून टाकलंय, आपण फक्त 'पैसे' हा सुटलेला शब्द परत जोडायचा. अशा ॲपच्या जाहिरातींच्या शेवटी भरभर वाचली जायची ती सूचना आठवा: आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीनं खेळा. 'जबाबदारीनं पैसे लावा' असं म्हणून पाहा, जीभ अडखळते. धंद्याला 'खेळा' का हवं असतं ते तिथं कळतं.

आणि 'जुगार' एकदा तरी लिहाच, कृत्यासाठी. माणसाला मात्र 'जुगारी' म्हणू नका. १८८७ च्या कायद्यात अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही शिक्षा आहे, त्यामुळे 'जुगारी' या शब्दाला पोलिसाची धास्ती चिकटलेली आहे. आई तो शब्द वाचेल आणि पोराचं नाव लपवेल. तिनं बोलावं असं वाटत असेल तर तिला घाबरवून चालणार नाही.

उत्तर (महाल)

हे पटलं. कृत्य जुगार, माणूस जुगारी नाही. माझं आधीचं उत्तर घाईचं होतं असं नाही, पण सरांचं पत्रकाला जास्त कामाचं आहे.

बजाजनगर

शेवटचं एक. सवय, व्यसन, नाद, लत, यातलं काय घ्यावं?

उत्तर (इतवारी)

'नाद' नको, ताई. नाद भजनाचाही असतो, पतंगाचाही, त्यात थोडं कौतुक मिसळलेलं असतं. 'व्यसन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दारू येते. आपल्याकडे घरोघरी "त्याले लत लागली" असंच म्हणतात. हिंदीकडून आला असेल, पण इथला झालाय. लत घ्या. आणि 'लत लागली आहे का?' असा प्रश्न न करता 'लत सुटू शकते' असं लिहून खाली मेळाव्यात कोणाशी बोलायचं ते ठळक छापा.