मदत हवी आहे: उकाड्यात धावताना मांड्या सोलवटतात

मरीन ड्राइव्हवर पहाटे 5.30 ला धावते. पाच-सहा किलोमीटर ठीक जातात, मग शॉर्ट्स घामाने चिंब होते आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला आग सुरू. परवा 12 किलोमीटरनंतर आंघोळीचं पाणी लागलं तशी कळवळले. रुपयाएवढी साल गेली होती.

सुती कपडे केव्हाच सोडले. टाल्कम पावडरचे घामात गोळे होतात. पेट्रोलियम जेली चांगली, पण या दमट हवेत तासाभरात पुसली जाते. डॉक्टरांनी पाहिलंय: बुरशी नाही, नुसतं घर्षण. ऑफिसमुळे वेळ बदलता येत नाही.

सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळायची आहे, त्यामुळे सराव थांबवायचा नाहीये. दोन तास टिकेल असं तुम्ही काय लावता? आणि गुडघ्यापर्यंतच्या घट्ट टाइट्सने घासणं थांबतं की उकाडाच वाढतो?