मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये एलएलबी आणि एलनॅट या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेतला निबंध
नमस्कार मंडळी. मुलगी सांगलीत बारावीला आहे, तिला इंग्लंडमध्ये एलएलबी करायचंय. ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी यूकासचा (तिथल्या विद्यापीठांची सामायिक प्रवेश-व्यवस्था) अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जायला हवा. एलनॅटमध्ये ४२ बहुपर्यायी प्रश्नांना ९५ मिनिटं, मग ४० मिनिटांत निबंध. प्रश्नांचा सराव ती घरी करते, पण निबंध तपासून देणारं इथे कुणी मिळेना. खरी काळजी तीच आहे. मुद्दे चांगले असतात हो तिचे, मांडणी विस्कटते. कुणाच्या मुलांनी ही परीक्षा दिली आहे का? निबंध कसा सुधारला?

शिवाय तिला परत येऊन मुंबई उच्च न्यायालयातच वकिली करायची आहे. परदेशी पदवीवर सनद घेण्याआधी बार कौन्सिलची पात्रता परीक्षा दिलेलं कुणी असेल तर कृपया सांगा, तयारीला किती महिने लागले?