मदत हवी आहे: मदरबोर्ड बदलायचाय, पण विंडोज एक्सपी सोडता येत नाही

नमस्कार मंडळी,

बार्शीत माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, तेराव्याची कार्डं, सगळं चालतं. छपाई बाहेर, सेटिंग माझ्याकडे. गावातल्या दोन्ही दुरुस्तीवाल्यांनी "ताई, नवीनच घ्या" एवढ्यावर विषय मिटवला, म्हणून इथे विचारते. जरा लांबेल, पण आधीच सगळं सांगते, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "कॉन्फिगरेशन टाका" असे येतात.

मशीन २००९ चं. जी३१ चिपसेटचा बोर्ड, पेंटियम ड्युअल कोअर ई५३००, २ जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबीची साटा हार्ड डिस्क. विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक ३. त्यावर पेजमेकर ७, जुना कोरल आणि युनिकोडच्या (अक्षरांच्या आता सगळीकडे चालणाऱ्या एकसारख्या कोडच्या) आधीच्या काळातलं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. या सॉफ्टवेअरला लॉक आहे. काडेपेटीएवढी राखाडी डबी, मागे प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनांच्या (पॅरलल) पोर्टात बसते. यूएसबी नाही. तिचा एक स्क्रू गंजून मोडलाय, त्यामुळे झाडताना केरसुणी लागली की टायपिंग बंद पडतं आणि मी टेबलाखाली जाऊन डबी दाबते.

आता दुखणं. महिन्याभरापासून सकाळी मशीन पहिल्या फटक्यात उठत नाही. पंखा फिरतो, पडदा काळा. चार-पाचदा बटण दाबलं की येतं, मग दिवसभर ठीक. कव्हर उघडलं तर प्रोसेसरशेजारचे चार कपॅसिटर वरून फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग. आणि एरवीही मशीन दमलंच आहे. पत्रिकेत फोटो टाकला की पान सरकवताना चहा पिऊन होतो.

नवीन मशीन का घेत नाही? लॉक नसलं तरी फॉन्ट दिसतात, जुनी फाईल उघडते, छापतेसुद्धा. फक्त नवं अक्षर उमटत नाही. म्हणजे 'चि. सौ. कां.'च्या पुढचं नाव बदलता येत नाही, आणि माझा धंदा त्या नावावरच आहे. थोरल्याची पत्रिका दाखवून "ताई, अशीच काढा, फक्त नावं बदला" म्हणणारी घरं आहेत. २०१० साली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' या ओळीखाली जिचं नाव टाकलं, ती पोरगी गेल्या महिन्यात स्वतःच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आली. फाईल होती, दहा मिनिटांत काम झालं. फॉन्ट जिथून घेतला तिथे फोन केला होता. या आवृत्तीचं लॉक आता बदलून मिळत नाही म्हणाले.

सुरक्षिततेवर व्याख्यान नको, प्लीज. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हापासून या मशीनला नेटची वायर नाही. व्हॉट्सअॅपवर प्रूफ पाठवायला लॅपटॉप वेगळा आहे.

तर एक्सपी चालेल असा त्यातल्या त्यात नवा बोर्ड कोणता? त्यावर हे लॉक बसेल का? आणि आहे तीच हार्ड डिस्क उचलून नव्या बोर्डाला लावली तर चालेल, की सगळं पहिल्यापासून टाकावं लागेल? फॉन्टच्या सीडीवर इतके ओरखडे आहेत की तिच्यात चेहरा दिसत नाही. एसएसडीबद्दलही (हार्ड डिस्कऐवजी लावतात ती वेगवान चिपची डिस्क) कुणी सांगा.

घासलेट
लिनक्स टाका. (पळतो.)

तिसरी घंटा
ताई, इतका घोळ कशाला? विंडोज ११ चं नवं मशीन घ्या, त्यात व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम), त्यात एक्सपी. आमच्या ऑफिसात एक जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर असंच चालतं. यूएसबी डोंगल आतल्या एक्सपीला बरोबर दिसतं. लॉकसाठी यूएसबी टू पॅरलल केबल घ्या, तीन-चारशेला मिळते.

सोल्डरवाला
@तिसरी घंटा, तुमचं डोंगल यूएसबीचं आहे म्हणून चाललं. ती केबल विंडोजला 'मी प्रिंटर आहे' एवढंच सांगते. प्रिंटरला डेटा पाठवायला ठीक. जुनी लॉकं थेट पोर्टाच्या पत्त्यावर, म्हणजे बहुतेकदा ३७८ वर, जाऊन पिनांशी बोलतात. केबलमागे तो पत्ताच नसतो. माझ्याकडे अशा दोन केबली पडून आहेत, हव्या तर पाठवतो.

ताई, पुण्यात पंधरा वर्षं बोर्ड दुरुस्त केलेत, त्या जोरावर सांगतो. तुम्ही दोन कामं एकात गुंतवताय, ती सोडवा. लग्नसराईत चालू मशीन मोडून दुसरं बांधायला घेऊ नका.

आधी ते चार कपॅसिटर बदलून घ्या. पंखा फिरतो, पडदा काळा, गरम झाल्यावर सुरळीत, ही त्यांचीच खूण आहे. फुगलेल्यावर जे छापलंय, तितकाच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तितकंच किंवा वरचं, १०५ डिग्रीचे आणि 'लो ईएसआर' (आतला रोध कमी असलेले) असं सांगून घ्या. साधे टाकले तर सहा महिन्यांत परत फुगतील. संगणकवाल्याकडे नाही, टीव्ही किंवा इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याकडे जा. त्याच्या हाताला सोल्डरिंगची सवय असते. ऋण बाजूचा पट्टा उलटा बसू देऊ नका एवढं बघा.

पण बोर्ड कुणाच्या हातात देण्याआधी आजच्या आज हार्ड डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी अख्खी नक्कल, घ्या. क्लोनझिला हा नक्कल काढणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाका, मशीन त्यावरून सुरू करा आणि अख्खी डिस्क बाहेरच्या डिस्कवर उतरवा. नुसतं 'माय डॉक्युमेंट्स' कॉपी करून भागणार नाही. सीडी गेलेली असताना तुमचं फॉन्टचं सॉफ्टवेअर आता त्या डिस्कवरच काय ते जिवंत आहे.

आता बोर्ड. एच६१ चिपसेटचा घ्या, ११५५ सॉकेटचा. त्यावर आय३-२१००, २१२० असा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर. ही पिढी २०११ ची, आणि हिच्या आतल्या ग्राफिक्ससाठी इंटेलनं एक्सपीचे ड्रायव्हर दिलेत. पुढच्या चौथ्या पिढीला, म्हणजे एच८१ ला, ते नाहीत. तिथे एक्सपीवर पडदा ढोबळ दिसतो आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड शोधत बसावं लागतं. २०१५ च्या सहाव्या पिढीत तर जुना यूएसबी २ चा कंट्रोलरच काढून टाकला, त्यामुळे विंडोज ७ टाकतानासुद्धा कीबोर्ड-माऊस मरतात, एक्सपी लांबच. दुकानदार "थोडं वरचं घ्या, फरक पाचशेचा" म्हणेल. घेऊ नका.

लॉकसाठी बोर्डावर 'एलपीटी' (पॅरलल पोर्टाचंच दुसरं नाव) लिहिलेली पिनांची दुहेरी रांग आहे का, हे स्वतः डोळ्यांनी बघा. मागे पोर्ट नसलं तरी या पिनांना पट्टीची केबल लावून पोर्ट बाहेर काढता येतं. हल्ली नवे म्हणून मिळणाऱ्या स्वस्त एच६१ वर या पिना बहुधा नसतात. ऑफिसातून निघालेले, नावाजलेल्या कंपनीचे जुने बोर्ड बघा. केबल त्याच दुकानातून त्याच वेळी घ्या. पीसीआयचं पॅरलल कार्ड घेऊ नका, त्याचा पत्ता बहुधा ३७८ येत नाही आणि जुनं लॉक रुसतं.

रॅम ४ जीबी बस. ३२ बिटच्या एक्सपीला त्यातली सव्वातीनच्या आसपासच दिसेल.

मोडीलिपी
सोल्डरवाल्यांना साष्टांग. पण ताई, हे सगळं करून पाच वर्षं मिळतील, पुढे काय? पेजमेकर ७ २००१ सालचा, त्यानंतर तो वाढलाच नाही. त्याच्या फाईली त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये उघडतात, पण सीएस६ पर्यंतच. नंतरच्या आवृत्त्यांनी ती सोय काढली. युनिकोडवर जा. जुन्या फॉन्टचा मजकूर कन्व्हर्टरमधून काढता येतो.

धागाकर्ती
@मोडीलिपी, पटतंय आणि नाहीही. नवी कामं मी वर्षभरापासून लॅपटॉपवर युनिकोडमध्येच करते. कन्व्हर्टरही वापरून पाहिला. मजकूर बरा निघतो, पण रफार आणि जोडाक्षरांत घाण करतो. 'कार्यवाहक'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता. शिवाय मजकुराबरोबर मांडणी थोडीच येते? पत्रिकेत एकेका ओळीचं अंतर हातानं बसवलेलं असतं. शंभर पत्रिकांपैकी ज्या परत येतील त्या वीसच, त्या कोणत्या हे आधी कळत नाही. आली की ती बदलून घेईन. तोवर जुनं मशीन लागणारच.

@घासलेट, क्लोनझिला लिनक्सच आहे म्हणे. म्हणजे तुमचंच ऐकलं.

@सोल्डरवाला, दादा, प्रतिमा रात्रीच घेतली. साडेतीन तास लागले. उद्या इन्व्हर्टरवाल्याकडे जाते. पण हार्ड डिस्क उचलून लावायचं आणि एसएसडीचं राहिलं.

सोल्डरवाला
हां, ते राहिलंच. डिस्क तशीच लावली तर बहुधा निळा पडदा येईल, शेवटी ७बी असा आकडा. घाबरू नका, डिस्क गेलेली नसते. एक्सपीला जुन्या बोर्डाच्या कंट्रोलरचीच ओळख असते, नवा दिसला की तो दारातच अडतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात) साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड एएचसीआय असेल तर जुना आयडीई करा. एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नाही, तो फ्लॉपीवरून द्यावा लागायचा. एवढ्यानं नाही झालं तर एक्सपीची सीडी लावून दुरुस्तीचा मार्ग घ्या. पहिल्याच पडद्यावर 'आर' दाबायचा नाही, तो वेगळा रस्ता. तिथे एंटर, मग एफ८, आणि सीडीला तुमची जुनी विंडोज सापडली की तेव्हा 'आर'. विंडोजच्या फाईली नव्यानं पडतात, तुमची सॉफ्टवेअरं जागच्या जागी राहतात. सीडीच्या खोक्यावरची किल्ली (प्रॉडक्ट की) जवळ ठेवा, बोर्ड बदलला की एक्सपी पुन्हा अॅक्टिव्हेशन मागतं.

हे सगळं मूळ डिस्कवर करू नका. प्रतिमा एसएसडीवर उतरवा आणि प्रयोग तिच्यावर. एसएसडीचं म्हणाल तर एक्सपीला 'ट्रिम' (पुसलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणं) येत नाही, म्हणून २४० जीबीतली पन्नास-साठ मोकळी, विभाग न पाडता सोडा. दुसरं, एक्सपी विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं, ते एसएसडीच्या ४ केबीच्या घरांत नीट बसत नाही. जीपार्टेड या विभाग हलवणाऱ्या प्रोग्रॅममधून विभाग १ एमबीच्या हद्दीवर सरकवता येतो. नाही जमलं तर सोडून द्या. तरीही जुन्या डिस्कपेक्षा कितीतरी पळेल.

तिसरी घंटा
केबलबद्दल चुकलो. मान्य.

धागाकर्ती
उशिरा लिहितेय, मधल्या काळात एकवीस पत्रिका गेल्या.

कपॅसिटर इन्व्हर्टरवाल्यानं बदलले. चारांचे ऐंशी रुपये आणि मजुरी दीडशे. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन एका बटणात उठलं. मी दोनदा बंद करून परत पाहिलं.

मग निवांत सोलापूरहून जुना एच६१ आणला. पहिल्या दुकानात "एलपीटी? ते आता कोण वापरतं?" म्हणून त्यानं बोर्ड न उघडताच 'आहे' म्हटलं. उघडायला लावला तर पिनांच्या जागी नुसती भोकं. दुसरीकडे पिना होत्या, केबलही त्याच्याच भंगारात सापडली. बोर्ड, आय३-२१२०, रॅम मिळून अडतीसशे. एसएसडी वेगळी.

७बी आलाच. साटाचा मोड आधीच आयडीईवर होता, म्हणून सीडी. पहिल्या वेळी मी घाईत पहिल्याच पडद्यावर 'आर' दाबला आणि काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत बसला. परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा जमलं. पेजमेकर उघडला, फाईली आहेत, फॉन्ट आहेत, पण टायपिंग नाही. लॉक सापडत नव्हतं. अर्धा दिवस डबी दाबून, काढून, पुसून झाली. शेवटी बायोसमध्ये एलपीटीचा मोड ईसीपी होता तो ईपीपी केला, पत्ता ३७८ होताच, आणि पहिलं अक्षर उमटलं. दादा, हे तुमच्या यादीत नव्हतं, पुढच्यांसाठी लिहून ठेवते. विभाग सरकवायच्या भानगडीत पडले नाही. फोटोचं पान आता लगेच सरकतं.

जुना बोर्ड डिस्कसकट पेटीत घालून माळ्यावर ठेवलाय. लॉक मात्र एकच, ते नव्यावर आहे. मोडलेल्या स्क्रूऐवजी इन्व्हर्टरवाल्यानं दुसरा बसवून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.